पिंगची वही

देसाईगंजहून एका बहिणीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "आपा, माझा मुलगा दहावीला आहे. आमच्या गल्लीत फायबरची केबल अजून आलेली नाही. आता स्लॅबवर अँटेना लावून बिनतारी इंटरनेट मिळतं, ते घ्या म्हणून तो महिनाभर मागे लागला आहे. अभ्यासासाठी पाहिजे म्हणतो, पण मला ठाऊक आहे, त्याला गेम खेळायचा आहे. मोबाइलच्या नेटवर गेम अडकतो म्हणून घरभर चिडचिड करतो. त्याचे अब्बू म्हणतात, हे सैतान घरात आणायचंच नाही. दोघांच्या मध्ये मी अडकले आहे. काय करू?"

ताई, तुमच्या पत्राचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं. घ्या, किंवा घेऊ नका. पण गेल्या उन्हाळ्यात आम्ही चंद्रपूरच्या घरी हाच डबा बसवला आणि पावसाळाभर त्यावरून घरात बरंच काही झालं. ते सांगितल्याशिवाय माझं उत्तर अपुरं राहील.

माझी मुलगी आलापल्लीला असते. तिची दोन मुलं शिक्षणासाठी आमच्याकडे राहतात. नात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, नातू बारावी विज्ञानला. दोघांचं शिक्षण, दुबईतल्या मामूचे व्हिडिओ कॉल आणि मुलांच्या नानाजानांच्या बातम्या, एवढं सगळं मोबाइलच्या डेटावर भागेना. फायबरची केबल आमच्याही गल्लीत नाही. म्हणून मे महिन्यात स्लॅबवर अँटेना लागला, तिथून एक वायर खाली आली आणि हॉलमध्ये वायफायचा पांढरा डबा बसला. टॉवरवरून येणारा फाइव्ह-जीचा सिग्नल वरचा अँटेना पकडतो आणि खालचा डबा तो घरात वाटतो. इतकी साधी ही व्यवस्था आहे. आपल्या देशात ऑक्टोबर 2022 मध्ये फाइव्ह-जी सुरू झालं आणि 2023 पासून मोठ्या कंपन्या घरासाठी असं बिनतारी इंटरनेट देऊ लागल्या. जिथे रस्ता खोदून केबल नेणं परवडत नाही, तिथे याचा खरा उपयोग आहे.

मे-जून बरे गेले. जुलैत एका संध्याकाळी मगरिबनंतर मी जानमाज उचलत होते, तेवढ्यात वरच्या खोलीतून ओरडणं ऐकू आलं, "मर गया! मर गया!" माझ्या छातीत धस्स झालं. जिना चढून वर गेले तर नातू धडधाकट बसलेला. मेला होता तो त्याच्या गेममधला शिपाई.

"नानी, मी आधी गोळी झाडली होती," तो रडवेला होऊन म्हणाला. "पण नेट अडकलं. माझी गोळी पोहोचेपर्यंत त्यानेच मला मारलं. हे बघा, पिंग बघा!"

पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 186 असा आकडा होता.

आधी मोज, मग माग

रात्री जेवताना त्याने मागणी मांडली. "नानाजान, दुप्पट स्पीडचा प्लॅन घ्यावा लागेल."

नानाजान ताटावरून मान न उचलता म्हणाले, "दुप्पट कशाला? आहे तोच डबा उद्या काढून टाकतो."

तुमच्या घरातही हेच चालू आहे ना, ताई? एकाला सगळं हवं, दुसऱ्याला काहीच नको. आणि खरं सांगायचं तर त्या डब्यात काय चालतं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. पण मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. न मोजता बोलणाऱ्याला मी वर्गातही बसवून ठेवायची.

मी नातवाला दोनशे पानी वही दिली. म्हटलं, "बेटा, पंधरा दिवस मोज. तारीख, वेळ, कुठे बसून खेळलास, पिंग किती, त्या वेळी घरात आणखी कोण नेट वापरत होतं, आणि पाऊस होता की नव्हता. सगळं लिही. मग तुझ्या प्लॅनचं बघू. आणि तुम्हीही," मी यांच्याकडे वळून म्हटलं, "पंधरा दिवस डब्याला हात लावू नका."

रस्ता रुंद केला म्हणून गाव जवळ येत नाही

दरम्यान मी स्वतः वाचलं, कळलं नाही तिथे नातीला विचारलं. जे समजलं ते इथे मांडते, कारण दुप्पट स्पीडच्या नावाने बऱ्याच घरांतून उगाच पैसे जातात.

चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्लीला जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आणा. रस्ता रुंद केला तर एका वेळी जास्त गाड्या जातील. पण त्याने आलापल्ली जवळ येणार नाही. इंटरनेटची 'स्पीड' म्हणजे या रस्त्याची रुंदी. 'पिंग' म्हणजे एक निरोप्या जाऊन परत यायला लागणारा वेळ. तो मिलिसेकंदात मोजतात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात.

गेमला रुंद रस्ता लागतच नाही. मी कुठे सरकलो, कुठे नेम धरला, एवढे छोटे छोटे निरोप जातात-येतात. तासभर खेळलं तरी साधारण शंभर एमबीच्या आतबाहेर डेटा लागतो. तेवढ्याच वेळात चांगल्या दर्जाचा व्हिडिओ एक-दोन जीबी सहज खातो. म्हणजे गेमसाठी दुप्पट रुंद रस्ता विकत घेण्यात काही अर्थ नाही. निरोप्या वेळेवर आणि रोज सारख्याच वेळात परत आला पाहिजे, हे महत्त्वाचं. तो कधी 40 मिलिसेकंदात आला आणि कधी 180 मध्ये, तर खेळणाऱ्याचा नेम चुकणारच.

मग निरोप्याला उशीर कुठे होतो? बऱ्याच गेमचे भारतातले सर्व्हर मुंबईत आहेत. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईपर्यंतची तार हजार किलोमीटरची धरली तर जायला 5 मिलिसेकंद, यायला 5. झाले दहा. वाटेतल्या यंत्रांचे आणखी काही आणि टॉवर ते आमच्या स्लॅबपर्यंतच्या हवेतल्या टप्प्याचे दहा-वीस. सगळं सुरळीत असेल तर चंद्रपुरात बसून 40 ते 50 पिंग मिळायला हरकत नाही, आणि तेवढ्यात गेम छान चालतो. शंभरच्या पुढे गेलं की हाताला जाणवायला लागतं. मग आमचा 186 कुठून आला? ते वहीने सांगितलं.

पहिली गोष्ट जागेची. डबा खाली हॉलमध्ये आणि नातू वरच्या खोलीत, मध्ये स्लॅब आणि दोन भिंती. डब्याजवळ बसला की आकडा निम्म्यावर यायचा. दोष टॉवरचा नव्हता, आमच्या भिंतींचा होता.

दुसरी गोष्ट वेळेची. फजरनंतर आकडा 40 च्या आसपास आणि स्थिर. रात्री आठ ते अकरा सगळ्यात वाईट. एका टॉवरवर अख्खा मोहल्ला असतो आणि जेवणं आटोपली की सगळे एकदम व्हिडिओ लावतात. केबलपेक्षा बिनतारी नेटला या गर्दीचा फटका जास्त बसतो, कारण हवेतला रस्ता सगळ्यांचा सामायिक आहे.

तिसरी गोष्ट घरातल्या गर्दीची. मामूचा कॉल चालू असेल, किंवा कुणाच्या मोबाइलमधले फोटो आपोआप वर चढत असतील, तर छोट्या निरोप्याला मोठ्या ट्रकांच्या मागे थांबावं लागतं.

चौथी गोष्ट वाचून मी खूश झाले, कारण ती नातवाने स्वतः शोधली. आमचा अँटेना आणि टॉवर यांच्या मध्ये शेजारच्या आवारातली सागाची चार झाडं आहेत. मे महिन्यात अँटेना बसला तेव्हा ती उघडी-बोडकी होती. जुलैत त्यांना थाळीएवढी पानं आली आणि पावसात ती भिजून राहू लागली. फाइव्ह-जीच्या लहरी ओल्या पानांतून जाताना अशक्त होतात. वहीत पावसाच्या दिवसांपुढचे आकडे सगळे वाढलेले होते. आपल्या या दोन जिल्ह्यांत सागाला तोटा नाही. उन्हाळ्यात अँटेना बसवताना पावसाळ्यातलं झाड डोळ्यांसमोर ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगते.

उपाय फारसे महाग नव्हते. बसवणाऱ्या मुलाला बोलावून अँटेना स्लॅबच्या दुसऱ्या कोपऱ्यात उंच पाइपवर नेला. डबा हॉलच्या कोपऱ्यातून जिन्याजवळ आणला. संगणकाला वायफायऐवजी डब्यातून सरळ लॅन केबल जोडली, त्याने सर्वांत जास्त फरक पडला. मोबाइल वायफायच्या 5 गिगाहर्ट्झवाल्या नावाला जोडले. त्याचा पल्ला कमी असतो, पण शेजारपाजारच्या वायफायची गर्दीही तिथे कमी. लाईट गेली की डबा बंद पडतो, म्हणून छोटी बॅटरी लावली. रात्रीचा आकडा 60-70 वर आला. दुप्पट स्पीडचा प्लॅन घ्यावा लागला नाही.

नानाजान वही चाळत म्हणाले, "पोरगं मेहनती आहे." त्यांच्या तोंडून हे ऐकायला नातवाने दोन वर्षं वाट पाहिली असेल.

वेळेचा रकाना

पण ताई, हे सगळं मी ज्यासाठी लिहिते आहे ते पुढे आहे.

पंधरा दिवस झाल्यावर मी वही घेऊन बसले. पिंगचे आकडे बघता बघता नजर शेजारच्या रकान्यावर गेली. वेळ. रात्री 12.40. रात्री 1.25. रात्री 2.10. पुढच्या पानावर पुन्हा 1.50. पंधरापैकी अकरा रात्री.

मी त्याला फजरला उठवायला जायची तेव्हा तो उठत नव्हता, ते मी अभ्यासाच्या थकव्यावर घालत होते. कॉलेजच्या चाचणीत भौतिकशास्त्राचे गुण घसरले, ते नव्या मास्तरांवर. आणि त्याने सगळं स्वतःच्या हाताने, खरं-खरं लिहून माझ्यासमोर ठेवलं होतं. विचारलं असतं तर कदाचित खोटं बोलला असता. पण मोजायला सांगितलं तेव्हा त्याने एकही आकडा लपवला नाही.

त्या रात्री मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी अस्रनंतर चहा करून त्याच्या खोलीत गेले. वही उघडून फक्त तो रकाना दाखवला. तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "नानी, आलापल्लीची पोरं रात्रीच येतात. दिवसा तिकडे नेट चालत नाही, रात्री रिकामं असतं. मी नाही गेलो तर ते माझ्याशिवाय खेळतात."

मी विचारलं, "इथे कॉलेजात कुणी दोस्त नाही?"

"आहेत. पण ते इथले आहेत."

बहिणींनो, मी त्याच घरात राहत होते. दोन वेळा त्याला जेवायला वाढत होते. तो एकटा आहे हे मला कळलं नव्हतं. सोळाव्या वर्षी जंगलातल्या गावातून शहरात आणून टाकलेलं पोर. आम्ही त्याला खोली दिली, क्लास लावला, नेट दिलं. त्याची आलापल्लीची चौकातली बैठक आम्ही देऊ शकलो नव्हतो. ती त्याला त्या गेममध्ये सापडली होती. कानाला हेडफोन लावून तो गोळ्या झाडत असतो असं आपल्याला वाटतं. तो अर्धा वेळ गप्पा मारत असतो. कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलं, वैनगंगेला किती पाणी आलं, कोण नापास झालं.

त्यांच्यातला एक मुलगा भामरागड तालुक्यातला आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की त्या गावांचा रस्ता तुटतो, वीज जाते, आणि टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या की फोनही मुके होतात. गेल्या पावसात तो चार दिवस कुणालाच सापडला नाही. पाचव्या रात्री त्याचं नाव पडद्यावर हिरवं झालं तेव्हा आमचा नातू दीड वाजता जागा होता, तो त्यासाठी. हे ऐकल्यावर मी त्याला काय रागावणार?

पण रागावले नाही म्हणून सोडूनही दिलं नाही. म्हटलं, "दोस्ती ठेव. झोपही ठेव. दोन्ही कशी ठेवायची ते तुम्ही पोरं ठरवा आणि मला सांगा."

त्याने सगळ्यांना फोन केले. गंमत अशी निघाली की रात्री दोनची वेळ कुणालाच नको होती. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याला रात्रीच जमतं. एक जण वडिलांच्या किराणा दुकानात बसतो, तो दहानंतर मोकळा होतो. त्याच्यासाठी शनिवारी साडेअकरापर्यंत ठरलं. एरवी इशानंतर एक तास आणि रविवारी जोहरनंतर दोन तास. डब्याच्या ॲपमध्ये कोणतं यंत्र किती वाजता बंद करायचं ते ठरवता येतं. रात्री अकराची वेळ त्याने स्वतः लावली. बोट त्याचं होतं, मी फक्त शेजारी उभी होते. नियम दोनदा मोडला. एकदा मी बोलले, एकदा त्याने आपणहून सांगितलं.

बहिणीचा पेपर

वहीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती माझ्या जास्त जिव्हारी लागली. एका गुरुवारी रात्री आठच्या ओळीत त्याने लिहिलं होतं, "पिंग 240. अपडेट डाउनलोड चालू. आपा चिडली."

त्या रात्री नातीची ऑनलाइन सराव परीक्षा होती. गेमचं कित्येक जीबीचं अपडेट उतरत होतं आणि तिचा पेपर मध्येच तुटला. ती चिडली, मग गप्प बसली. मोबाइलच्या डेटावर जमेल तेवढा पेपर दिला. घरात कुणाला काही बोलली नाही. पिंग वाढली म्हणून भावाने सगळ्या घराला जागं केलं होतं. बहिणीचा पेपर बुडाला तेव्हा घर शांत झोपलं. आणि तिने तक्रार केली नाही याचं आम्हाला कौतुक वाटावं, अशा पद्धतीने आपण मुली वाढवतो.

मी दोघांना आणि नानाजानांना एकत्र बसवलं. म्हटलं, हा डबा खेळणाऱ्याचा नाही आणि बिल भरणाऱ्याचाही नाही. तो घराचा आहे. आता फ्रिजवर एक कागद असतो. कुणाची परीक्षा, क्लास किंवा फॉर्म भरायचा असेल तर त्याने वेळ लिहायची आणि त्या वेळी बाकीच्यांनी हात आवरायचा. मोठी अपडेट फजरनंतर उतरवायची, तेव्हा रस्ता रिकामा असतो. तुमच्या घरात मुलगी असेल तर ताई, हा कागद डबा बसवायच्या आधी लावा.

पैशाचा खेळ निराळा

आता ज्या गोष्टीत मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने आहे ती सांगते. खेळ आणि जुगार या दोन गोष्टी आहेत, आणि मोबाइलच्या पडद्यावर त्या एकमेकींना चिकटून येतात.

नातवाच्या गेममध्ये कपडे, बंदुकीचे रंग वगैरे विकत घेता येतात. वहीत दोन ठिकाणी छोट्या रकमा होत्या, त्याच्या खाऊच्या पैशांतल्या. त्या बंद केल्या. पण गप्पांच्या त्याच गटात कुणीतरी एक लिंक टाकली होती. शंभर लावा, दोनशे मिळवा. त्याने ती उघडली नव्हती, असं तो म्हणाला आणि मी विश्वास ठेवला. जुगार आपल्याकडे हराम आहे हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. पण या लिंकवर जुगार असं कुठे लिहिलेलं नसतं. तिथे गेम असं लिहिलेलं असतं.

हे आपल्यापासून लांब नाही. जुलै 2023 मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात 58 कोटी रुपये गमावल्याची तक्रार दिली. नागपूर पोलिसांनी गोंदियात एका घरावर छापा घातला आणि कोट्यवधींची रोकड आणि सोनं जप्त केलं. व्यापारी माणूस, हिशोबात मुरलेला, तरी अडकला. मग सतरा वर्षांच्या पोराचं काय?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात पैसे लावून खेळायचे खेळ चालवायला मनाई आहे, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणून मुलाच्या हातून असं काही झालं असेल तर घाबरून लपवू नका. बँकेतून पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

स्पर्धा म्हणून खेळले जाणारे ई-स्पोर्ट्स याच कायद्याने मान्य केले आहेत. चीनच्या हांगझोऊला 2023 मध्ये झालेल्या आशियाई खेळांत त्यांना पदकंही होती. तेव्हा सगळंच सैतानाचं नाही. पण पोरगं आशियाई खेळांना निघालं आहे अशा भ्रमातही राहू नका.

केव्हा काळजी करायची

जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' घातला आहे. ही यादी जानेवारी 2022 पासून लागू आहे. त्यात जी लक्षणं दिली आहेत ती अशी. खेळणं आवरता न येणं. बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळच मोठा होणं. नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. आणि हे साधारण वर्षभर चालणं, त्याने शिक्षण, घर, नाती बिघडणं. चार रात्री जागलेलं पोर म्हणजे आजारी पोर नव्हे. पण जेवण, आंघोळ, शाळा सुटू लागली आणि डबा बंद केला की अंगावर धावून येऊ लागलं, तर मौलवी आणि ताईत यांच्याआधी डॉक्टर बघा. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर फोनवर मोफत सल्ला देते, मराठीतही.

आणि खेळावर बंदी घालून प्रश्न मिटतो का, तेही आपण पाहिलं आहे. सप्टेंबर 2020 मध्ये पब्जीवर बंदी आली. पोरं दुसऱ्या गेमवर गेली. पुढच्या वर्षी तोच गेम बीजीएमआय या नावाने आला, 2022 मध्ये काढला गेला, मे 2023 मध्ये अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालून परतला. पण मर्यादा पाळायची तर वय खरं सांगावं लागतं. ते खरं सांगितलंय का, हे दिल्लीतून कुणी बघू शकत नाही. शेजारी बसलेल्या अम्मीलाच ते दिसतं.

ताई, आता तुमचं

घ्या. माझं उत्तर 'घ्या' असं आहे. डबा घरात आला नाही म्हणून मुलगा गेम सोडणार नाही. तो दुसऱ्याच्या स्लॅबवर जाऊन खेळेल, आणि तिथे तुम्ही नसाल.

पण घेताना एवढं करा. गल्लीत फायबर येणार असेल तर त्याची वाट बघा, ती केबल बिनतारीपेक्षा स्थिर असते. नसेल येणार तर आधी शेजाऱ्याकडे रात्री नऊ वाजता नेट कसं चालतं ते बघा, दुपारी नाही. टॉवर आणि तुमच्या स्लॅबमध्ये झाड आहे का ते बघा. महिन्याला डेटाची मर्यादा किती आणि ती संपल्यावर काय होतं, हे सही करण्याआधी विचारा. डबा मुलाच्या खोलीत न ठेवता हॉलमध्ये ठेवा. आणि पहिल्याच दिवशी मुलाच्या हातात वही द्या.

मुलाच्या अब्बूंना माझा सलाम सांगा. त्यांना म्हणावं, एक दिवस मुलाच्या शेजारी बसून त्याला एवढंच विचारा, "पिंग म्हणजे काय रे?" तो जे सांगेल ते ऐकून घ्या. समजून न घेता घातलेली बंदी मूल पहिल्याच दिवशी फोडतं. समजून घातलेली मर्यादा निदान अर्धी तरी पाळतं. आमच्याकडे अर्ध्याहून थोडी जास्त पाळली जाते, आणि मी त्यात समाधानी आहे.

आणखी एक गोष्ट मुलांच्या कानावर घाला. आपण पिंग 60 की 180 यावर भांडतो आहोत, तेव्हा गडचिरोलीच्या आतल्या भागात अजून अशी गावं आहेत जिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते. नोव्हेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक कंपनीशी उपग्रहावरून इंटरनेट देण्याबाबत आशयपत्रावर सही केली. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव या जिल्ह्यांचं नाव आहे. हे उपग्रह सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर फिरतात. जुन्या पद्धतीचे छत्तीस हजार किलोमीटरवर असायचे, तिथून निरोप जाऊन यायला अर्धा सेकंद लागायचा. तेव्हा उद्या भामरागडच्या त्या मुलालाही पुरात घरून निरोप देता येईल, इन्शाअल्लाह. तो गेमही खेळेल. पण आधी त्याच्या बहिणीचा फॉर्म भरला जावा आणि त्याच्या दादीसाठी वेळेवर गाडी बोलावता यावी, अशी माझी दुआ आहे.

आमची वही अजून चालू आहे. पिंगचा रकाना नातवाने सोडून दिला, तो आता पाठ झाला आहे. वेळेचा रकाना मात्र तो रोज भरतो. काल रात्रीची नोंद 10.05 ची आहे. त्याखाली त्याने लिहिलं आहे, "झोपलो."